फाइल शेअरिंग प्रोटोकॉलचे डेटा टाइप कसे ठरवायचे: एक्सडीआरमधली पहिली फाइल

फाइल शेअरिंगचा छोटा सर्व्हर लिहायला घेतला की बहुतेकांचा हात आधी सॉकेटकडे जातो. सॉकेट जुळतं, चार बाइट इकडून तिकडे जातात, आणि मग सी भाषेतला स्ट्रक्ट जसाच्या तसा सॉकेटवर ढकलला जातो. क्लायंट आणि सर्व्हर एकाच लॅपटॉपवर असेपर्यंत हे बिनबोभाट चालतं. समोर वेगळा कंपायलर, वेगळा प्रोसेसर किंवा वेगळी भाषा आली की आकाराच्या जागी तारीख दिसते आणि तारखेच्या जागी कचरा. पुण्यात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हा विषय घेणाऱ्यांसाठी, आणि बाणेर-हिंजवडी-खराडीकडे स्टोरेजच्या कामावर नव्याने रुजू झालेल्यांसाठी, टाइप ठरवण्याची ही पद्धत.

आधार एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटण्याच्या जुन्या प्रोटोकॉलचा, घेतला आहे. त्याचे टाइप एक्सडीआर नावाच्या वर्णनभाषेत लिहिलेले आहेत. एक्सडीआर पहिल्यांदा १९८७ साली आरएफसी १०१४ मध्ये आलं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). आज चालू असलेला मजकूर आरएफसी ४५०६, मे २००६ चा. एनएफएसची दुसरी आवृत्ती १९८९ साली आरएफसी १०९४ मध्ये, तिसरी १९९५ साली आरएफसी १८१३ मध्ये छापली गेली. चौथीचं वर्णन आरएफसी ७५३० मध्ये आहे. शिकायला तिसरी सगळ्यात बरी. चौथी थेट उघडलीत तर पहिल्या दिवशीच दमाल.

एक गोष्ट आधी पक्की करा, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच उभे आहेत. एक्सडीआरमध्ये वायरवर, म्हणजे नेटवर्कवरून प्रत्यक्ष जाणाऱ्या बाइटांत, फील्डचं नाव जात नाही, टाइपही जात नाही. जातात फक्त किमती, ठरलेल्या क्रमाने. दोन्ही टोकांकडे तीच टाइपची फाइल आहे असं गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे मधलं एक फील्ड चार बाइटांचं आठ केलंत, तर त्यापुढचं सगळं सरकतं आणि कुठेही तक्रार न होता चुकीचं वाचलं जातं.

नमुन्यासाठी फक्त वाचता येणारं एक शेअर घेऊ. मूळ फोल्डरात तीन उपफोल्डर: हडपसर, कोथरूड, औंध. कामं चार: मूळ फोल्डरचं हँडल (ओळखीचं टोकन) देणं, नावावरून शोधणं, फाइल वाचणं, फोल्डरची यादी देणं. शून्य क्रमांकाचं रिकामं काम रिवाजाप्रमाणे वेगळं. सर्व्हर जिवंत आहे का एवढंच ते पाहतं. खालचे नमुने वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत आहेत. प्रत्यक्ष फाइलीत नावं रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर यांतच लिहावी लागतात, नाहीतर टूल पहिल्याच ओळीला अडतं.

तयारी

टाइपच्या फाइलीवरून सी कोड तयार करणारं टूल म्हणजे आरपीसीजेन. आरपीसी म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन नेटवर्कवरून बोलावण्याची पद्धत. उबंटू-डेबियनवर ते आरपीसीएसव्हीसी-प्रोटो या पॅकेजात मिळतं आणि सोबत लिबटीआयआरपीसी या आरपीसी लायब्ररीचं डेव्ह पॅकेज लागतं. फेडोरावर आरपीसीजेन आणि लिबटीआयआरपीसी-डेव्हेल अशी दोन पॅकेजं. जुनी ट्युटोरियलं इथेच फसवतात. पूर्वी आरपीसीचा कोड जीलिबसी या लिनक्सवरच्या सी च्या मूळ लायब्ररीतच असायचा. २०२० च्या २.३२ आवृत्तीत तो काढून टाकला. म्हणून जुन्या पद्धतीने कंपाइल केलं की आरपीसीचं हेडर सापडत नाही अशी चूक येते. उपाय: हेडरसाठी टीआयआरपीसीच्या फोल्डरचा रस्ता द्या आणि लिंक करताना टीआयआरपीसी लायब्ररी जोडा. दोन्ही पर्याय पीकेजी-कॉन्फिग हे टूल सांगतं. लहानशा कंटेनरमध्ये काम करत असाल तर सी प्रीप्रोसेसरही टाकून घ्या. आरपीसीजेन फाइल आधी त्याच्यातून काढतं, आणि तो नसला तर तिथेच थांबतं.

एका फाइलीतून चार फाइली निघतात: हेडर, टाइपांची एन्कोड-डिकोड फंक्शनं, क्लायंटचा सांगाडा, सर्व्हरचा सांगाडा. सुरुवातीला पहिल्या दोनच वापरा. टाइप बरोबर आहेत की नाहीत हे बघायला नेटवर्क लागत नाही.

एक्सडीआरचे नियम, पाचच मिनिटांत

सगळं चार बाइटांच्या ठोकळ्यांत जातं, मोठा बाइट आधी. इंट, अनसाइन्ड इंट, इनम, बूल आणि फ्लोट प्रत्येकी चार बाइट. हायपर आणि डबल आठ. बूल एका बिटाचं काम करतो तरी चार बाइट खातो. त्यावर हळहळत बसू नका. ओपेक म्हणजे अर्थ न लावता जसेच्या तसे जाणारे बाइट. ठरावीक लांबीचं ओपेक म्हणजे तेवढे बाइट आणि पुढे चारच्या पटीपर्यंत शून्यं. बदलत्या लांबीचं ओपेक आणि स्ट्रिंग म्हणजे आधी चार बाइटांत लांबी, मग बाइट, मग शून्यं. लांबीच्या आकड्यात ही भरीची शून्यं धरायची नसतात. नवशिक्यांची पहिली चूक हमखास इथेच होते.

«हडपसर» हे नाव यूटीएफ-८ मध्ये पाच अक्षरं गुणिले तीन, म्हणजे १५ बाइट. वायरवर ते असं जातं:

० ० ० १५
२२४ १६४ १८५ २२४
१६४ १६१ २२४ १६४
१७० २२४ १६४ १८४
२२४ १६४ १७६ ०

एकूण २० बाइट. शेवटचं शून्य भरीचं. «कोथरूड» १८ बाइटांचं, म्हणजे दोन शून्यं आणि एकूण २४. «औंध» ९ बाइटांचं, तीन शून्यं, एकूण १६. ही तीन गणितं कागदावर स्वतः करून बघा, पुढे यादीच्या वेळी लागतील.

भरीचे बाइट शून्यच हवेत. हाताने एन्कोडर लिहिताना ते शून्य करायचे राहून गेले, तर प्रोग्रामच्या मेमरीतला जुना मजकूर एक-दोन-तीन बाइटांनी नेटवर्कवर झिरपत राहतो. चालणं-न चालणं यात काही फरक पडत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही.

पायरी १: मर्यादा आधी लिहा

फाइलीच्या डोक्यावर स्थिरांक येऊ द्यात.

कॉन्स्ट हँडल_कमाल = ६४;
कॉन्स्ट नाव_कमाल = २५५;
कॉन्स्ट वाचन_कमाल = ६५५३६;

मर्यादा न लिहिता नुसते रिकामे कोनी कंस ठेवले तर अर्थ होतो ४२९४९६७२९५ बाइटांपर्यंत काहीही चालेल. मग कुणीतरी चार बाइटांत तेवढी लांबी लिहून पाठवतो आणि सर्व्हर भोळेपणाने तेवढी मेमरी मागायला जातो. हे काल्पनिक नाही. २०१७ मध्ये आरपीसीबाइंड आणि लिबटीआयआरपीसीमध्ये याच जातीचा दोष सापडला होता. सुरक्षादोषांच्या सार्वजनिक यादीत तो सीव्हीई-२०१७-८७७९ या क्रमांकाने नोंदलेला आहे. मर्यादा लिहिलेली असली की तयार झालेलं फंक्शन मेमरी मागण्याआधीच नकार देतं.

मात्र मर्यादा टाइपचा भाग असते, मागाहून वाढवली तर जुना क्लायंट नवीन उत्तर नाकारतो. एनएफएसचं उदाहरण बघा. दुसऱ्या आवृत्तीत हँडल नेमकं ३२ बाइटांचं होतं आणि एका वेळी ८१९२ बाइटच वाचता यायचे. तिसऱ्या आवृत्तीत हँडल ६४ बाइटांपर्यंत कितीही, आणि वाचनाची कमाल सर्व्हर स्वतःच एफएसइन्फो या कामातून सांगतो. चौथीत हँडल १२८ पर्यंत गेलं. वाचनाचा आकडा टाइपात न गोठवता सर्व्हरकडून विचारून घेणं हा यातला खरा शहाणपणा. आपला नमुना लहान आहे म्हणून ६५५३६ ठेवलाय.

पायरी २: आकडे

फाइलचा आकार, ऑफसेट आणि फाइल क्रमांक अनसाइन्ड हायपर घ्या. दुसऱ्या आवृत्तीने आकार ३२ बिटांत ठेवला, आणि मोठ्या फाइलींसाठी अख्खी नवी आवृत्ती काढावी लागण्याचं ते एक मोठं कारण होतं. लाँग हा शब्द टाइपच्या फाइलीत वापरू नका. आरपीसीजेन तो घेतं, पण ६४ बिटी लिनक्सवर सी मधला लाँग आठ बाइटांचा आणि वायरवर मात्र चारच बाइट जातात.

वेळेबद्दल थोडं थांबून विचार करा. तिसऱ्या आवृत्तीत सेकंद आणि नॅनोसेकंद दोन्ही ३२ बिटी अनसाइन्ड आहेत. सेकंद मोजले जातात १ जानेवारी १९७०, ग्रिनिच मध्यरात्रीपासून. तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेपाच वाजले होते. अनसाइन्ड ३२ बिट २१०६ सालापर्यंत पुरतात, पण १९७० च्या आधीची तारीख लिहिता येत नाही, आणि घेणाऱ्याने चुकून साइन्ड धरलं तर १९ जानेवारी २०३८ लाच गाडी उलटी फिरते. चौथ्या आवृत्तीने सेकंद साइन्ड ६४ बिट केले. तेच घ्या:

स्ट्रक्ट वेळ {
  हायपर सेकंद;
  अनसाइन्ड इंट नॅनो;
};

वायरवर १२ बाइट. नॅनो ० ते ९९९९९९९९९ च्या आत आहे का हे एक्सडीआर बघत नाही, तुमच्या कोडने बघायचं. आणि वेळेत साडेपाच तासांचे १९८०० सेकंद मिळवून पाठवू नका. स्थानिक वेळ दाखवणं हे क्लायंटच्या पडद्याचं काम आहे.

पायरी ३: हँडल

टाइपडेफ ओपेक हँडल<हँडल_कमाल>;

हँडल म्हणजे सर्व्हरने दिलेलं टोकन. क्लायंटने ते जपून ठेवायचं आणि जसंच्या तसं परत द्यायचं. उघडून बघायचं नाही. म्हणूनच ते ओपेक. इथे स्ट्रक्ट वापरून आत आयनोड क्रमांक (फाइलसिस्टमने फाइलीला दिलेला अंतर्गत क्रमांक) उघडा मांडण्याचा मोह होतो. तसं केलंत की उद्या फाइलसिस्टम बदलताना प्रोटोकॉलही बदलावा लागेल.

सर्व्हरच्या बाजूने आत काय भराल? साधी मांडणी २४ बाइटांची: फाइलसिस्टमची ओळख ८, आयनोड क्रमांक ८, जनरेशन क्रमांक (आयनोड पुन्हा वापरला की बदलणारा) ४, राखीव शून्यं ४. जनरेशन वगळू नका. फाइल पुसली की तिचा आयनोड क्रमांक दुसऱ्या फाइलीला मिळू शकतो. मग जुनं हँडल घेऊन आलेल्या क्लायंटला भलत्याच फाइलीचा मजकूर मिळतो, आणि फाइल शेअरिंगमध्ये याहून वाईट चूक नाही. जनरेशन जुळली नाही तर «शिळं हँडल» ही चूक परत पाठवायची. एनएफएसमध्ये तिचा क्रमांक ७०.

तुलनेचा नियमही लक्षात असू द्या. दोन हँडलचे बाइट सारखे असतील तर फाइल एकच. वेगळे असतील तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. राखीव बाइट शून्य केले नाहीत तर एकाच फाइलीची दर वेळी नवी हँडलं निघतील आणि क्लायंटची कॅशे निकामी होईल.

पायरी ४: नावं

टाइपडेफ स्ट्रिंग नाव<नाव_कमाल>;

२५५ हे बाइट आहेत, अक्षरं नव्हेत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना-मात्रा असो की अनुस्वार, तीन बाइट घेतं. म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हं. सरकारी पत्रांच्या विषयाइतकी लांबलचक फाइलनावं ठेवण्याची आपल्याकडे सवय आहेच, तेव्हा «नाव फार लांब» ही चूक खरोखर येईल.

दुसरी गोम मराठीची स्वतःची. जेजुरीजवळून वाहणाऱ्या कऱ्हेचंच नाव घ्या. «कऱ्हा» मधला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तेव्हा नाव १५ बाइटांचं होतं. तोच र अधिक नुक्ता असा लिहिला तर १८ बाइट. आणि काही कीबोर्ड र, हलंत आणि जोडणारं अदृश्य चिन्ह असं लिहितात, तेही १८ बाइट, पण वेगळे. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. सर्व्हर बाइटांची तुलना करतो, म्हणून फोल्डर डोळ्यांसमोर असून «सापडत नाही» हे उत्तर येतं. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात, तिसरा होत नाही. आमच्या मते सर्व्हरने नावं बदलू नयेत. आली तशी ठेवावीत, आणि शोध फसला तर बाइट छापून बघायची सोय लॉगमध्ये ठेवावी.

एक्सडीआर जे तपासत नाही ते तुम्ही तपासा: रिकामं नाव, मधे शून्य बाइट, तिरकी रेघ, आणि दोन टिंबांचं नाव. दोन टिंबं जशीच्या तशी फाइलसिस्टमला दिलीत तर क्लायंट शेअर केलेल्या फोल्डरच्या वर चढून सगळं मशीन वाचू शकतो. टाइप बरोबर आहे म्हणजे किंमत निर्धोक आहे असं नव्हे.

सी मध्ये स्ट्रिंग हा नुसता पॉइंटर असतो. «नाव नाही» हे सांगायला तो नल ठेवू नका. लिबटीआयआरपीसी अशा वेळी एन्कोड करायला नकार देते आणि समोर फक्त एन्कोड करता आलं नाही एवढाच निरोप येतो. रिकामं नाव म्हणजे शून्य लांबीची स्ट्रिंग.

पायरी ५: गुणधर्म

इनम प्रकार {
  साधी = १,
  फोल्डर = २,
  दुवा = ५
};

एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत साधी फाइल १, फोल्डर २, ब्लॉक ३, कॅरेक्टर ४, सिम्बॉलिक लिंक ५, सॉकेट ६, फिफो ७ असे क्रमांक आहेत. आपल्याला तीनच लागतात, पण क्रमांक तेच ठेवलेत तर पुढे वाढवताना गोंधळ होत नाही. शून्य मुद्दाम कुणाला दिलेला नाही: भरायला विसरलेला स्ट्रक्ट शून्यांचा असतो आणि तो लगेच पकडला जातो.

स्ट्रक्ट गुणधर्म {
  प्रकार प्र;
  अनसाइन्ड इंट परवानगी;
  अनसाइन्ड हायपर आकार;
  अनसाइन्ड हायपर क्रमांक;
  अनसाइन्ड हायपर बदल;
  वेळ सुधारित;
};

बेरीज करा: ४ + ४ + ८ + ८ + ८ + १२ = ४४. आता ६४ बिटी लिनक्सवर याच स्ट्रक्टचा सी मधला आकार छापून बघा; ४८ येईल. वेळेच्या स्ट्रक्टमागे कंपायलरने चार बाइटांची पोकळी सोडलेली असते. स्ट्रक्ट थेट सॉकेटवर का ढकलायचा नाही याचं उत्तर या चार बाइटांत आहे. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीचा गुणधर्मांचा स्ट्रक्ट असाच मोजला तर ८४ बाइट भरतो. सरावाला तो चांगला.

«बदल» हे फील्ड चौथ्या आवृत्तीतून उचललं आहे. फाइल बदलली की हा आकडा बदलतो. नुसत्या वेळेवर विसंबलं तर घड्याळाच्या एकाच टिकटिकीत झालेले दोन बदल क्लायंटला एकच वाटतात आणि तो जुनी कॅशे दाखवत बसतो.

पुढे लिहिण्याची सोय करणार असाल तर «हे फील्ड बदलू नकोस» कसं सांगायचं हा प्रश्न येतो. दुसऱ्या आवृत्तीत त्यासाठी −१ लिहायचे, म्हणजे एक किंमत खुणेसाठी जळाली. तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक फील्डला बूलवर चालणारी युनियन आहे: खरं असेल तर पुढे किंमत, खोटं असेल तर काही नाही. वेळेला तर तीन पर्याय: बदलू नको, सर्व्हरची वेळ लाव, मी देतो ती लाव. खुणेच्या किमती काढण्यापेक्षा हीच रीत उचला.

पायरी ६: स्थिती आणि उत्तर

इनम स्थिती {
  ठीक = ०,
  सापडत_नाही = २,
  वाचता_आलं_नाही = ५,
  परवानगी_नाही = १३,
  फोल्डर_नाही = २०,
  नाव_लांब = ६३,
  शिळं_हँडल = ७०,
  वाईट_हँडल = १०००१,
  वाईट_कुकी = १०००३,
  जागा_अपुरी = १०००५
};

इथला सापळा भल्याभल्यांना अडकवतो. पहिले काही क्रमांक लिनक्सच्या एररनोशी, म्हणजे सिस्टमने दिलेल्या चुकीच्या क्रमांकाशी, तंतोतंत जुळतात, त्यामुळे एररनो जसाच्या तसा पाठवायचा मोह होतो. चाचणीत «सापडत नाही» २ येतो, «परवानगी नाही» १३ येतो, सगळं ठीक वाटतं. पण लिनक्समध्ये नाव लांब म्हणजे ३६ आणि शिळं हँडल म्हणजे ११६; प्रोटोकॉलमध्ये ६३ आणि ७०. फोल्डर रिकामा नाही हे लिनक्सवर ३९, एनएफएसमध्ये ६६. म्हणून मधे एक रूपांतराचं फंक्शन हवंच, आणि ज्याला जोडी नाही तो क्रमांक «वाचता आलं नाही» कडे वळवा.

स्ट्रक्ट शोध_माहिती {
  हँडल हँ;
  गुणधर्म गुण;
};
युनियन शोध_उत्तर स्विच (स्थिती स्थि) {
  केस ठीक:
    शोध_माहिती माहिती;
  डिफॉल्ट:
    व्हॉइड;
};

डिफॉल्ट विसरलात तर ठीक सोडून कुठलीही स्थिती एन्कोडच होत नाही, आणि साध्या «सापडत नाही» ऐवजी क्लायंटला आरपीसीची दुर्बोध चूक दिसते. उलट बाजूला, आरपीसीजेनने केलेलं इनमचं फंक्शन क्रमांक यादीत आहे का हे तपासत नाही. ९९ आला तर ९९ आत येतो. स्विच लिहिताना सी मध्येही डिफॉल्ट ठेवा.

पायरी ७: यादी

स्ट्रक्ट नोंद {
  अनसाइन्ड हायपर क्रमांक;
  नाव ना;
  अनसाइन्ड हायपर कुकी;
  नोंद *पुढची;
};
स्ट्रक्ट यादी {
  नोंद *पहिली;
  बूल संपली;
};

ताऱ्याची खूण म्हणजे «असेल किंवा नसेल». वायरवर पत्ता जात नाही. आधी बूल जातो आणि खरा असेल तरच पुढे नोंद. आपल्या तीन फोल्डरांचा हिशोब: हडपसर ४ + ८ + २० + ८ = ४०, कोथरूड ४४, औंध ३६. मग «पुढची नाही» याचे ४ आणि «संपली» याचे ४. एकूण १२८ बाइट.

आता यातल्या खाचा. आरपीसीजेन अशा साखळीसाठी स्वतःलाच बोलावणारं फंक्शन तयार करतं. साखळीत लाखभर नोंदी आल्या तर स्टॅक फुटतो. म्हणून मागणीतच बाइटांची मर्यादा घ्या आणि सर्व्हरने तेवढ्यात बसतील तितक्याच नोंदी द्याव्यात. एकही बसत नसेल तर «जागा अपुरी», म्हणजे १०००५. रिकामी यादी आणि «संपली» खोटं असं उत्तर कधीही देऊ नका. क्लायंट तीच मागणी अनंत काळ पाठवत राहतो.

कुकी म्हणजे «इथून पुढे दे» ही खूण. शून्य म्हणजे सुरुवातीपासून. ती नोंदीचा अनुक्रमांक ठेवू नका. क्लायंट दोन फेऱ्यांत यादी वाचत असताना मधली एक फाइल पुसली गेली, तर अनुक्रमांक सरकतात आणि एक नाव गाळलं जातं. फाइलसिस्टमने दिलेली खूणच पुढे पाठवा. तिसऱ्या आवृत्तीत कुकीसोबत आठ बाइटांचा एक पडताळाही असतो. फोल्डर इतका बदलला की जुनी कुकी निरर्थक झाली, हे सर्व्हरला त्यावरून कळतं आणि तो १०००३ देतो.

वाचनाचं उत्तर सोपं आहे: «संपली» हा बूल आणि ओपेक मजकूर<वाचन_कमाल>. तिसऱ्या आवृत्तीत वाचलेल्या बाइटांची संख्या वेगळीही पाठवतात आणि ती मजकुराच्या लांबीशी जुळलीच पाहिजे. एकच गोष्ट दोनदा सांगितली की कधीतरी दोन्ही वेगळ्या निघतात, म्हणून आपण ती वगळू. वाहतूक टीसीपीवर ठेवा. आरपीसी लायब्ररीचा यूडीपीचा नेहमीचा बफर ८८०० बाइटांचा आहे, त्यात ६५५३६ मावत नाहीत.

पायरी ८: बाइट मोजून ताळा

आरपीसीत प्रत्येक सेवेला एक प्रोग्राम क्रमांक असतो. तो ५३६८७०९१२ ते १०७३७४१८२३ या पट्ट्यातला घ्या. हा पट्टा ज्याने-त्याने वापरायला मोकळा आहे. १००००३ एनएफएसचा आहे, त्याला हात लावू नका.

नेटवर्कआधी मेमरीतली चाचणी करा. १०२४ बाइटांचा बफर, त्यावर एक्सडीआरमेम (मेमरीतल्या बफरवर एन्कोड-डिकोड करण्याची लायब्ररीतली सोय), त्यात गुणधर्मांचा स्ट्रक्ट एन्कोड करा आणि किती बाइट झाले ते विचारा. ४४ आलंच पाहिजे. मग तोच बफर ० पासून ४३ पर्यंत प्रत्येक लांबीला तोडून डिकोड करा; चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस वेळा नकार आला पाहिजे. नावाच्या लांबीत ४२९४९६७२९५ लिहून बघा. नकार लगेच आला पाहिजे.

डिकोड करण्याआधी उत्तराचा स्ट्रक्ट शून्य करायला विसरू नका. आतला पॉइंटर नल नसेल तर लायब्ररी समजते की जागा तुम्ही दिली आहे, आणि त्या कचरा पत्त्यावर लिहायला जाते. प्रोग्राम कधी पडतो, कधी पडत नाही. शोधायला सगळ्यात त्रासदायक दोष. काम झालं की एक्सडीआर-फ्रीने मेमरी सोडा.

आता नेटवर्कवरचे बाइट टीसीपीडम्प या टूलने पकडा. «हडपसर» शोधण्याची मागणी: आरपीसीचं डोकं (संदेशाच्या सुरुवातीचा ठरलेला भाग) ओळखपत्राशिवाय ४० बाइट, हँडल ४ + २४ = २८, नाव २०. बेरीज ८८. टीसीपीवर त्याआधी चार बाइटांची खूण येते: १२८ ० ० ८८. पहिला १२८ म्हणजे हा शेवटचा तुकडा, बाकीचे ३१ बिट लांबी. एकूण ९२ बाइट दिसले पाहिजेत. यशस्वी उत्तर: खूण ४, डोकं २४, स्थिती ४, हँडल २८, गुणधर्म ४४, मिळून १०४. न सापडल्याचं उत्तर फक्त ३२. आकडा चारने किंवा आठने चुकला तर इंट-हायपरची गफलत आहे किंवा दोन टोकांकडे वेगळ्या फाइली आहेत. एक-दोन-तीनने चुकला तर भर विसरली आहे. पकडलेले बाइट उलगडून दाखवणाऱ्या वायरशार्कला तुमचे टाइप माहीत नसतात, पण आरपीसीचं डोकं तो नीट उलगडून दाखवतो.

उत्तराच्या डोक्यातला शेवटचा आकडाही बोलका असतो. १ म्हणजे असा प्रोग्रामच नाही, २ म्हणजे आवृत्ती जुळत नाही, ३ म्हणजे असं काम नाही, ४ म्हणजे आलेले बाइट सर्व्हरला डिकोड करता आले नाहीत. ४ दिसला की सर्व्हरचा कोड वाचत बसू नका, दोन्हीकडच्या टाइपच्या फाइली शेजारी-शेजारी ठेवून बघा.

पायरी ९: टाइप बदलायची वेळ आली तर

मालकाचं नाव घालायचं राहिलं, असं कधीतरी लक्षात येणारच. गुणधर्मांच्या स्ट्रक्टच्या शेवटी फील्ड जोडलं तर चालेल असं वाटतं, पण चालत नाही. शोधाच्या उत्तरात ते शेवटी येतं, दुसऱ्या एखाद्या उत्तरात त्याच्यामागे आणखी काहीतरी असतं. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने यावर वेगळा तोडगा काढला: कुठले गुणधर्म पाठवले हे सांगणारा बिटांचा नकाशा, आणि मागोमाग एका ओपेकमध्ये त्या किमती क्रमाने. गुणधर्म क्रमांक ३३, म्हणजे परवानगी, नकाशाच्या दुसऱ्या ३२ बिटी ठोकळ्यातला १ क्रमांकाचा बिट. लवचीक आहे, पण किमतींना सुटी लांबी नसते, त्यामुळे मधला एखादा अनोळखी निघाला तर त्यापुढचं काहीच वाचता येत नाही. म्हणून क्लायंट मागेल तेवढेच गुणधर्म सर्व्हर देतो. पहिल्या प्रोटोकॉलसाठी हा खटाटोप नको.

साधा रस्ता असा: जुन्या टाइपांना हात न लावता नव्या नावाने नवे टाइप लिहा, त्याच प्रोग्राम क्रमांकाखाली आवृत्ती २ उघडा, आणि सर्व्हरवर दोन्ही आवृत्त्या चालू ठेवा. क्लायंटने आधी २ मागावी. जुना सर्व्हर «आवृत्ती जुळत नाही» असं सांगताना आपल्याकडची सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी आवृत्ती असे दोन आकडे सोबत देतो. ते वाचून क्लायंटने १ वर उतरावं.